‘सबस्टन्स पी’चा धडा आणि आपली माहितीपत्रके

उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांचे देठ खुडताना हातांची होणारी आग कोल्हापूरकरांच्या चांगलीच परिचयाची आहे. मिरचीतील कॅपसायसिन वेदनावाही चेतातंतूंना चेतविते आणि त्यांच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ हे अकरा अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड स्रवते. १९३१ मध्ये फॉन ऑयलर व गॅडम यांनी ते शोधले. मज्जारज्जूच्या मागील भागातील सर्वांत वरच्या थरातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या बहुसंख्य चेतापेशींवर त्याचा ‘एनके-१’ हा रिसेप्टर असतो.

१९९७ मध्ये मॅन्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सबस्टन्स पीला विषारी प्रथिन जोडून उंदरांतील नेमक्या याच पेशी नष्ट केल्या. साधी वेदना कायम राहिली. इजेनंतर वाढणारी तीव्र वेदना मात्र बरीच ओसरली. साहजिकच हा रिसेप्टर रोखणारी औषधे वेदनाशामक ठरतील, अशी आशा निर्माण झाली. प्राण्यांत ती उपयोगी दिसली. माणसांवरील चाचण्यांत मात्र फसली. पेशी नष्ट करणे आणि तिच्यावरील एक रिसेप्टर रोखणे यांत अंतर आहे. त्या पेशीला ग्लुटामेटसारखे अन्य संदेशही मिळतच राहतात. त्याच गटातील ॲप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते केमोथेरपीनंतरच्या वांतीसाठी!

यावरून आधुनिक शास्त्राला हसण्याचे कारण नाही. त्यांनी आपले अपयश प्रसिद्ध केले, हे मोठेपण आहे. आपण काय करतो? एखाद्या तैलाच्या माहितीपत्रकावर ‘सबस्टन्स पी कमी करते’ असे छापताना आधार बहुधा परीक्षानळीचा वा उंदराचा असतो. अब्जावधी खर्चणाऱ्या कंपन्यांना जे साधले नाही, ते आपल्या तैलाने साधल्याचे एका ओळीत सांगणे धाडसाचे आहे. वेदनेचा विचार वाताच्या अंगाने करणाऱ्या आपल्या शास्त्राला अशा उसन्या अलंकारांची गरजही नाही.

म्हणून आमची विनंती अशी. वैद्यबंधूंनी गृध्रसी व कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णाची वेदना शून्य ते दहा अशा मापाने उपचारापूर्वी, पंधरा दिवसांनी व तीन महिन्यांनी नोंदवावी. गुण न आलेले रुग्ण वगळू नयेत. औषधनिर्मात्यांनी माणसांवरील पुरावा हाती येईपर्यंत रिसेप्टरची भाषा वेष्टनावरून काढून टाकावी. खोट्या व भ्रामक जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहेच. पण त्याच्या धाकापेक्षा रुग्णाचा विश्वास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.