विणकाम : हाताला काम, मनाला आराम

दिवाळी सरली की सातारा-सांगलीच्या बाजारपेठेत लोकरीचे गुंडे दिसू लागतात. एके काळी या दिवसांत दुपारी ओसरीवर, ऑफिसच्या मधल्या सुट्टीत, अगदी एस.टी.च्या प्रवासातही बायकांच्या हातात सुया असत. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि पुष्कळ घरांतल्या सुया ट्रंकेच्या तळाशी गेल्या. आता कोणी त्या पुन्हा बाहेर काढल्या की घरातली मंडळी म्हणतात, "बाजारात दोनशे रुपयांना मिळतो, कशाला डोळे फोडून घेतेस?" आमचे मत वेगळे आहे. पन्नाशीच्या आसपासच्या बाईच्या प्रकृतीला या छंदाचा मोठा उपयोग आहे आणि घराने त्याला वेळ व मान दोन्ही दिले पाहिजे.

असे का म्हणतो ते सांगतो. "अंग दुखतं, झोप लागत नाही, कशात मनच लागत नाही," ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरला ठाऊक आहेत. रक्त, साखर, थायरॉईड, ब्लडप्रेशर, सारे तपासून झालेले असते. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, मालक दिवसभर बाहेर, पाळी थांबत आलेली. मग 'ताकदीचे' सलाईन लावा असा आग्रह होतो. सलाईन म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. त्याने अंगातले पाणी भरून निघते, मनातली पोकळी नाही. आपल्या हातून अजूनही काही नवे होऊ शकते ही खात्री या बाईला हवी असते आणि ती बाटलीतून मिळत नाही.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चोपन्न वर्षांच्या एक बाई शेजारणीकडून विणकाम शिकल्या. पहिला मफलर चाळीस टाक्यांनी सुरू झाला आणि सत्तेचाळीस टाक्यांवर संपला ! दर ओळीला त्या शेजारणीला हाक मारत. मग बाळाचे टोपडे झाले, मग चार सुयांवरचे मोजे. मोज्याची टाच वळवता आली तेव्हा कुठे आपल्याला जमते असे त्यांना वाटू लागले. सध्या त्यांच्या पिशवीत दोन कामे आहेत. नातवाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ पूर्ण झाली असून पुढच्या भागाचा गळा चालू आहे, आणि नणंदेसाठी जाळीच्या विणीची शाल अर्ध्यावर आली आहे. गळ्याचे टाके चुकले तेव्हा त्यांनी बारा ओळी उसवल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय, परत विणू." पूर्वी दवाखान्यात या बाईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलत. आता त्या एकट्या येतात, प्रश्न कागदावर लिहून आणतात. ब्लडप्रेशरची गोळी मात्र चालूच आहे. विणकामाने ब्लडप्रेशर गेले असे कोणी समजू नये.

हा आत्मविश्वास येतो कुठून? आमच्या मते उसवण्यातून. आमटी खारट झाली की ती सगळ्यांच्या पानात जाते आणि चार जण बोलतात. विणकामातली चूक आपल्यालाच सापडते, आपणच उसवतो. लोकर वाया जात नाही, कोणी रागावत नाही. एक सुलट, एक उलट अशी लय सापडली की श्वासही संथ होतो. आणि रोज चार बोटे वाढलेले काम डोळ्यांना दिसते. स्वयंपाक, धुणे-भांडी ही कामे संध्याकाळी पुसली जातात. विणलेले मात्र उरते.

परदेशात यावर अभ्यास झाले आहेत. २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वरचेवर विणणाऱ्यांनी अधिक शांत व आनंदी वाटते असे सांगितले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०११ सालच्या अभ्यासात विणकामासारखे हस्तव्यवसाय, वाचन अशा गोष्टींत रमणाऱ्या ७० ते ८९ वयाच्या लोकांत विस्मरणाच्या सुरुवातीच्या तक्रारी कमी आढळल्या. अर्थात विणकामाने विस्मरण टळते असे यावरून सिद्ध होत नाही. पण नुकसान नाही आणि फायद्याची शक्यता आहे, असा उपाय स्वस्तात मिळत असेल तर नाही का म्हणावे?

हे बायकी काम आहे असे म्हणणाऱ्यांनी माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाहावे. तिथे धनगर बायका लोकर कातत आल्या आणि मागावर घोंगडी विणून, तिला चिंचोक्यांची खळ लावण्याचे काम पुरुष करत आले. तेव्हा रिटायर झालेल्या पुरुषांनीही सुया धरायला लाजू नये.

विणायचे कोणासाठी, हाही प्रश्न असतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे अंग लवकर गार पडते. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी सुचवलेली आहे. तेव्हा बाळाच्या अंगावर टोपडे, मोजे व लंगोट एवढेच असते. जवळच्या प्रसूतिगृहात आधी विचारून मऊ, धुता येणारी टोपडी द्यावीत. स्तनाच्या कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी सुती दोऱ्याचे हलके कृत्रिम स्तन विणून मोफत देण्याचे कामही आपल्या देशात स्वयंसेवक करतात. आपला टाका कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही भावना मोठीच आहे.

आता काही पथ्ये.

१. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा. उठा, पाणी प्या, मान व खांदे फिरवा, मुठी उघडा-मिटा.

२. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील शीर दाबली जात असण्याची शक्यता आहे. मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत हे अधिक दिसते. विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

३. चाळिशीचा चष्मा लावूनच विणा. काळी लोकर रात्री घेऊ नका.

४. विणणे म्हणजे व्यायाम नव्हे. रोजचे चालणे सोडू नये.

५. बाळाचे मोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. असा धागा बोटाला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबून बोट काळे पडू शकते. टोपड्याला बंद, मणी, बटणे नकोत. उन्हाळ्यात व बाळ घरात झोपले असताना टोपडे काढून ठेवावे. वजन कमी असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषधे आहेत. तिथे नुसत्या सुया पुरणार नाहीत. डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

घरच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे : दुपारचा एक तास तिचा असू द्या. त्या तासात चहा मागू नका. आणि स्वेटर तयार झाला की बाही थोडी लांब असली तरी तो घालून बाहेर पडा. कोणी विचारले तर घरी विणलाय म्हणून सांगा.