संसाराला उत्पन्नाची अट

कोणी कोणाशी लग्न करावे यात ब्रिटिश सरकार ढवळाढवळ करीत नाही. लग्न झाल्यानंतर त्या दोघांनी एका छपराखाली राहावयाचे की नाही, हे मात्र ते पगाराच्या चिठ्ठ्या पाहून ठरविते. ब्रिटिश नागरिकाने किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या माणसाने परदेशातील पतीला वा पत्नीला आपल्याजवळ आणावयाचे असेल, तर ११ एप्रिल २०२४ पासून त्याचे वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड असले पाहिजे, असा दंडक आहे. पहिला व्हिसा दोन वर्षे नऊ महिन्यांचा. तो संपता संपता अडीच वर्षांची मुदतवाढ मागावयाची. पाच वर्षे पुरी झाली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करावयाचा. प्रत्येक पायरीवर उत्पन्नाची झडती पुन्हा नव्याने.

हा दंडक लागू होण्यापूर्वी ज्यांनी या मार्गाने पहिला अर्ज केला होता, त्यांना मुदतवाढीच्या वेळी १८,६०० पौंडांची जुनी अट लागते. त्यानंतर आलेल्यांना २९,००० ची. एकाच कारखान्यात एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघा कामगारांपैकी एकाचा संसार १८,६०० पौंडांत कायदेशीर आणि दुसऱ्याचा २९,००० शिवाय बेकायदेशीर! लग्नाची तारीख आणि अर्जाची तारीख यांवर माणसाच्या सहजीवनाचा भाव ठरावा, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रातला?

हा आकडा आला कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. २०१२ पर्यंत ब्रिटनमध्ये साधा नियम होता. सार्वजनिक मदतीवाचून दोघांचा निर्वाह होईल एवढी तजवीज दाखवा आणि एकत्र राहा. जुलै २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी तेथे १८,६०० पौंडांची रेषा ओढली. पहिल्या मुलासाठी आणखी ३,८०० आणि पुढील प्रत्येक मुलासाठी २,४०० पौंड. एवढे उत्पन्न असलेल्या जोडप्याला सरकारी साहाय्य मागण्याचा हक्कच उरत नाही, असे त्या रेषेचे समर्थन होते. ज्या स्थलांतर सल्लागार समितीने हा आकडा सुचविला, तिनेच सांगून ठेवले होते की अर्जदारांपैकी सुमारे ४५ टक्के लोक या अटीत बसणार नाहीत. हे ठाऊक असूनही रेषा ओढली गेली. जे घडले ते अनवधानाने घडले, असे म्हणावयास जागा नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जेम्स क्लेव्हर्ली गृहमंत्री असताना जे जाहीर झाले, ते त्याहून विलक्षण. परदेशांतून कुशल कामगार आणण्यास पात्र ठरणाऱ्या नोकऱ्यांची त्यांच्या पगारांनुसार उतरंड लावली, तर खालून चतुर्थांशावर जो पगार येतो तो २९,००० पौंडांचा. पुढची पायरी ३४,५०० ची, आणि अखेरची, नेमकी मध्यावरची, ३८,७०० ची. निर्वाहाचा आणि सार्वजनिक मदतीचा प्रश्न येथे मागे पडला. मजूर आयात करताना जो भाव लावतात, तोच भाव बायकोला आणि नवऱ्याला लावण्यात आला. ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, त्याला या हिशेबाचे एका बाजूने कौतुक वाटावे आणि दुसऱ्या बाजूने शरम. कुशल कामगार मालकाला हवा असतो म्हणून येतो. पत्नी येते ती पतीची पत्नी म्हणून. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणे ही अर्थशास्त्रातली चूक तर आहेच, पण त्याहीपेक्षा ती माणुसकीतली चूक आहे. पुढे जून २०२५ मध्ये त्याच सल्लागार समितीने कुटुंबाच्या व्हिसाला कुशल कामगाराच्या पगाराची मोजपट्टी लावण्यात काही संगती नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. मजूर पक्षाच्या सरकारने २०२४ मध्ये पुढच्या दोन पायऱ्या थोपवून धरल्या, हे खरे. पण २९,००० चा आकडा त्याने खाली आणला नाही.

आता कामगाराच्या बाजूने गणित मांडू. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये कायद्याने ठरविलेले किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. आठवड्याला साडेसदतीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे राबणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न होते सुमारे २३,८१० पौंड. आठवड्याचे तास चाळीस धरले तरी ते २५,४०० च्या आतच राहते. २९,००० गाठावयाचे तर त्याने दर आठवड्याला जवळजवळ ४६ तास, एकही आठवडा खाडा न करता, राबले पाहिजे. म्हणजे जे वेतन देशाच्या संसदेने माणसाला जगण्यास पुरेसे मानले, तेच वेतन त्याच देशाचे गृहखाते त्याला पत्नीसह जगण्यास अपुरे मानते. हॉटेलात भांडी घासणारा, रुग्णालयातील फरशी पुसणारी, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी, गोदामात खोकी उचलणारा, हे सर्व पूर्ण वेळ काम करूनही पतिपत्नी म्हणून एकत्र राहण्यास नालायक! लंडनमधील पगार आणि ईशान्य इंग्लंडमधील पगार यांत केवढे अंतर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तरी रेषा दोन्हीकडे एकच.

ज्याच्यापाशी उत्पन्न नाही पण पैसा आहे, त्याच्यासाठी मात्र दुसरे दार उघडे ठेवले आहे. सहा महिने बँकेत ८८,५०० पौंड पडून असल्याचे दाखवा, मग पगाराचा प्रश्नच उद्भवत नाही. वडिलांनी ठेवलेल्या मिळकतीवर बसून खाणाऱ्याला पत्नी आणता येते आणि चाळीस तास राबणाऱ्याला येत नाही, हे ज्या नियमाचे फलित आहे, त्याला वर्गीय नियम म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

या अटीचे समर्थक करदात्यांवरील बोजाची भाषा बोलतात. तो युक्तिवाद तपासून पाहू. पतिपत्नीच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून काही घेता येणार नाही, असे बंधन मुळातच असते. आरोग्यसेवेसाठी प्रत्येक व्यक्तीमागे अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड झाला. शिवाय व्हिसावर आलेली व्यक्ती नोकरी करू लागली की इतरांप्रमाणे कर भरतेच. म्हणजे आरोग्यसेवेसाठी ती दोनदा पैसे मोजते. अडीच वर्षांच्या मुदतवाढीचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,३२१ पौंड झाले. त्यात अडीच वर्षांचा अधिभार मिळविला की बेरीज ३,९०८ पौंडांच्या वर जाते. किमान वेतनावरील कामगाराचा कर कापण्यापूर्वीचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार हा! बोजा पडू नये म्हणून आधीच कुलपे लावलेल्या दारावर आणखी एक कुलूप लावावयाचे आणि त्याला काटकसर म्हणावयाचे, हा कांगावा आहे.

दुसरी विसंगती याहून उघड आहे. पहिल्या अर्जाच्या वेळी परदेशात असलेल्या जोडीदाराला ब्रिटनमध्ये नोकरीची खात्री असली तरी ते भावी उत्पन्न धरले जात नाही. जो तेथे राहतो त्याचेच उत्पन्न मोजले जाते. मुदतवाढीच्या वेळी मात्र, आलेल्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असल्याने, दोघांचेही उत्पन्न धरतात. दोघांनी मिळून संसार चालतो हे सरकारला कळते, पण पावणेतीन वर्षांनी! तोवर ज्यांना दार उघडलेच नाही, त्यांनी आपल्या दोघांच्या कमाईचा पुरावा द्यावा कोठे? इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी पंधरा हजारांपर्यंत मुले या नियमांच्या तडाख्यात सापडल्याचे म्हटले होते. संगणकाच्या पडद्यावर आईचे किंवा बापाचे तोंड पाहून वाढणाऱ्या या कुटुंबांना तेथे ‘स्काइप कुटुंबे’ असे नाव पडले.

मुदतवाढीच्या प्रश्नाची खरी गोम मात्र कामाच्या जागी आहे, आणि समाजवाद्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पगारदाराने त्याच मालकाकडील सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि त्यांच्याशी जुळणारे बँकेचे उतारे सादर करावयाचे असतात. त्या सहा महिन्यांतील सर्वांत खालची पगाराची पातळी हिशेबात धरली जाते. मध्येच नोकरी बदलली तर हिशेबाची रीत बदलते आणि मागील बारा महिन्यांच्या कमाईचाही पुरावा द्यावा लागतो. याचा अर्थ उघड आहे. ज्या कामगाराच्या पत्नीचा व्हिसा येत्या काही महिन्यांत संपणार आहे, तो मालकाशी भांडेल काय? तास कमी केले, पाळी बदलली, मुकादमाने अपमान केला, तरी तो मुकाट्याने सहन करील. राजीनाम्याचा कागद त्याच्या खिशातून बाहेर येणार नाही, कारण त्या कागदाबरोबर घरातले माणूसही जाऊ शकते. मालकाच्या हाती कामगाराच्या चुलीबरोबर त्याच्या शेजघराचीही किल्ली देणारी ही व्यवस्था आहे. कामगार संघटनांनी वेतनासाठी जेवढा लढा द्यावयाचा, तेवढाच या अटीविरुद्धही द्यावयास हवा, तो याच कारणासाठी.

हीच साखळी घरातही असते. पत्नी स्वतः कमावती नसेल, तर मुदतवाढीसाठी लागणाऱ्या चिठ्ठ्या पतीच्या कपाटात असतात. त्या देण्याचे त्याने नाकारले तर ती काय करणार? घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला स्वतंत्रपणे कायम वास्तव्य मागण्याची तरतूद ब्रिटिश नियमांत आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पण जेथे हात उगारला जात नाही, नुसती कागदपत्रांची धमकी दिली जाते, तेथे ती स्त्री पुरावा कशाचा देणार?

हे सर्व एकाएकी उगवलेले नाही. युद्धोत्तर काळात ब्रिटनमधील ओतशाळा, गिरण्या आणि बसगाड्या चालविण्यासाठी राष्ट्रकुलातून माणसे बोलाविली गेली, ती हातांसाठी. त्या हातांमागे कुटुंबे असतात, याचा तेथील राज्यकर्त्यांना नेहमीच त्रास झाला. १ जानेवारी १९७३ रोजी तेथे स्थायिक असलेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना बायकामुले आणण्याचा जो हक्क १९७१ च्या कायद्याने राखून ठेवला होता, तो १९८८ मध्ये काढून घेण्यात आला. १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्यचाचणी घेतल्याचे उघडकीस आले आणि साऱ्या जगाची मान खाली गेली. १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितले की पतीला आणू पाहणाऱ्या स्त्रियांना एक नियम आणि पत्नीला आणू पाहणाऱ्या पुरुषांना दुसरा, हा लिंगभेद आहे. तेव्हा सरकारने समता कशी आणली? स्त्रियांना सवलत न देता पुरुषांची सवलत काढून! लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, हे सिद्ध करावयास लावणारा नियम १९९७ मध्ये मजूर पक्षाने रद्द केला. पंधरा वर्षांनी हुजूर पक्षाने उत्पन्नाची अट आणली. पूर्वी हेतूची चौकशी होत असे, आता पगाराची होते. चाळणी बदलली, पण तिच्यातून वगळावयाची माणसे तीच राहिली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तत्त्वतः वैध ठरविली. मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर साधनांचा नियमांत पुरेसा विचार केलेला नाही, असेही स्पष्ट केले. कायद्याने वैध असणे आणि न्याय्य असणे यांतला फरक ज्या देशाने मिठाचा कायदा पाहिला, त्याला समजावून सांगावयास नको.

आता आपल्याकडील एका वृत्तीचा समाचार घेणे प्राप्त आहे. ‘प्रत्येक देश सार्वभौम आहे, दार कोणाला उघडावे हा त्याचा प्रश्न’, असे आपले सुशिक्षित मराठी बांधव सहज म्हणून जातात. सार्वभौमत्व कोणी नाकारीत नाही. पण येथे दारात उभा असलेला माणूस परका असला तरी घरात वाट पाहणारा त्या देशाचाच नागरिक असतो. पुण्याची किंवा सांगलीची मुलगी लेस्टरमध्ये दिली, तर अन्याय केवळ तिच्यावर होत नाही. तिच्या पतीच्या नागरिकत्वाचीही पगारानुसार प्रतवारी होते. आपल्या मध्यमवर्गाला हे खुपत नाही, कारण त्याचे संगणकतज्ज्ञ चिरंजीव २९,००० सहज ओलांडतात. स्थळ पाहताना ‘मुलाचा पगार किती’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या समाजाला ब्रिटिश गृहखात्याने तोच प्रश्न विचारला, तर खटकावे तरी का? खटकले पाहिजे, ते यासाठी की घरच्या बैठकीत विचारलेला प्रश्न कटू असला तरी त्याला नकार देता येतो. सरकारने विचारलेल्या प्रश्नाला नकाराची सोय नसते.

मागणी स्पष्ट असावी. पतिपत्नींच्या सहवासावरील उत्पन्नाची अट रद्द झाली पाहिजे. ते होईपर्यंत निदान एवढे व्हावे, की किमान वेतनावर पूर्ण वेळ राबणाऱ्याची कमाई पुरेशी मानली जावी, दोघांचे उत्पन्न पहिल्या अर्जापासूनच धरले जावे, नोकरी बदलली किंवा सुटली म्हणून मुदतवाढ अडू नये, आणि कर भरणाऱ्याकडून आरोग्यसेवेचे पैसे दुसऱ्यांदा घेतले जाऊ नयेत. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. श्रमिकाचा संसार हाही संसारच आहे, एवढेच त्या सांगतात. आणि हे ज्या मजूर पक्षाला सांगावे लागते, त्याने आपले नाव एकदा पुन्हा वाचून पाहावे.