गुडघ्यासाठी घाट का उतरावा?

भात लावणीचे दिवस संपले की आपल्या जोयडा तालुक्यातील कितीतरी घरांत एकच तक्रार ऐकू येते : "गुडघा सुजला." आयुष्यभर वाकून लावणी केलेल्या, जमीन खणून कंद काढलेल्या आईने मग उपचारासाठी अणशीचा घाट उतरून कारवार गाठावे, नाही तर हुबळीची वाट धरावी. ज्याला चालवत नाही, त्यालाच एवढा प्रवास घडावा हा कुठला न्याय?

आज मोठ्या शहरांत डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीतच सांध्यांवर छोटे उपचार होतात. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीच्या साह्याने गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा भाग काढला. आता सुमारे दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण, तेवढाच भाग बधिर करून, आत घालता येते. रोगी त्याच दिवशी घरी जातो.

पण मित्रहो, यंत्र पाहून दिपून जाऊ नये. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रोग्यांवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींच्या त्वचेला नुसते छेद दिले. दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता!

जोयड्याला आधी हवी ती साधी सुई. सुजलेल्या सांध्यातील पाणी काढून तपासले की आत पू आहे, रक्त आहे, की युरिक आम्लाचे स्फटिक, हे कळते. पू असेल तर थोड्या दिवसांच्या दिरंगाईनेही सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो. पण ती वारंवार घेतल्यास कूर्चेची हानी होते, मधुमेह्याची साखर चढते, आणि सांध्यात जंतू असल्यास ती घातकच. म्हणून ही सुई भोंदूच्या हाती नको, शिकलेल्या हाती हवी.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक दिवशी ही सोय असावी, एवढेच आपले मागणे असावे. आणि आपणही घरी आपल्या कोकणीत सांगावे : गुडघा गरम, लाल झाला आणि ताप आला, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे चला. शिकलेल्या मुलाकडून आईची एवढी तरी अपेक्षा असणारच!