'काही झालेले नाही' या निकालाविरुद्ध

चिंताविकाराने ग्रासलेल्या माणसाला आपल्या समाजात पहिला निकाल मिळतो तो 'तुला काही झालेले नाही' असा. आणि तो देणारी माणसे दुष्ट नसून बहुधा घरचीच, जिवाभावाची असतात, म्हणूनच त्याची फेरतपासणी करणे अगत्याचे आहे.

हिंदमाताच्या कापडबाजारातील एखादा गुमास्ता घ्या. भर पावसात तो सखल चौक तुंबावा, बस पाण्यात अडकावी, आणि एकाएकी त्याची छाती धडधडू लागून, बोटांना मुंग्या येऊन, आपण आता मरतो अशी त्याची खात्री व्हावी. जवळच परळला 1926 पासून के.ई.एम. रुग्णालय उभे आहे, तेथे कार्डिओग्राम निघतो, निर्दोष ठरतो, आणि भाऊ सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, "उगाच डोक्यात घेतोस रे!" परंतु कार्डिओग्रामचा तो दाखला हृदयापुरताच असतो. संकट नसताना देहाची संकटकालीन यंत्रणा जागी होते, अॅड्रेनलिन रक्तात उतरते, जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यातून त्या मुंग्या येतात. हे सारे खरोखर घडलेले असताना त्याला 'काही नाही' म्हणणे म्हणजे फिर्याद न ऐकताच ती खारीज करणे होय.

'ही अलीकडची थेरं' हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर याच परिसरात आहे. गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते त्या काळी के.ई.एम.मध्ये डॉ. वाहिया आणि त्यांचे सहकारी अशाच मनोविकारांच्या रुग्णांवर पतंजलींच्या योगतत्त्वांच्या आधारे उपचार करीत होते, आणि 1966 साली त्यांनी आपले काम ब्रिटनमधील मानसोपचाराच्या नियतकालिकात मांडले. 'योग करा, डॉक्टर कशाला?' असे बजावणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की, तो योग मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णाची रीतसर तपासणी करून दिला जात होता. औषधाने सवय लागते ही भीती काही शामक गोळ्यांबाबत खरी आहे. म्हणूनच शेजाऱ्याची गोळी परस्पर घेऊ नये. चिंताविकारावर दीर्घकाळ दिली जाणारी बहुतेक औषधे मात्र निराळी, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती सुरू वा बंद करणे हा डॉक्टरांचा अधिकार आहे.

माझा मुख्य वाद मात्र मायेशी आहे. एकदा झटका आला की घरचे त्या गुमास्त्याला बसने जाऊ देत नाहीत, त्याच्या वसुलीच्या फेऱ्या भाऊ मारतो, बायको तासातासाला फोन करून 'बरं वाटतंय ना?' विचारते, आणि आपण त्याला सांभाळतो आहोत असे सर्वांना मनापासून वाटते. परिणाम विपरीत होतो. टाळलेल्या प्रत्येक प्रवासाने क्षणभर हायसे वाटते, पण ती बस खरोखरच जीवघेणी होती हा समज अधिक पक्का होतो. झटका पराकोटीला पोचून आपोआप ओसरतो, हे अनुभवण्याची संधीच त्याच्याकडून हिरावली जाते.

यावर कोणी म्हणेल, आजारी माणसाला पाण्यात ढकलायचे काय? मुळीच नाही. सक्ती करणे हाही अन्यायच. उपचारकाच्या सल्ल्याने आणि खुद्द रुग्णाच्या संमतीने पायऱ्या ठरवाव्यात: आधी कोरड्या दिवशी एक थांबा, भाऊ शेजारी; मग भाऊ पुढच्या थांब्यावर; मग दादर ते परळ एकट्याने. वाटेत झटका आलाच तर 'घाबरू नकोस' हा हुकूम सोडू नये. "खूप त्रास होतोय हे दिसतंय मला, मी इथेच आहे, हे उतरेल" एवढे म्हणून खरोखर तेथे थांबावे. आणि सायंकाळी 'बरं वाटतंय ना?' याऐवजी विचारावे, "उद्या कुठल्या थांब्यापर्यंत जायचं ठरवलंयस? मी कुठे उभा राहू?"