विहाराच्या दारी ‘परकीय’

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु या गिरिस्थानावरील भाजीपाल्याची लागवड कोणाच्या श्रमाने वाढली, हे थोड्यांसच ठाऊक असते. इंग्रज सरकारने पूर्वेकडील वसाहतींतून हद्दपार करून येथील तुरुंगात डांबलेल्या चिनी व मलायी बंदिवानांचे ते हात होते. १८६४ साली तो तुरुंग मोडला. ज्यांना मायदेशातून घालवून दिले, त्यांच्या घामावर हे गाव जेवले!

वाचकहो, आज बंगाली बोलणारे मजूर कुटुंब, ते महाबळेश्वरास असो वा मुंबईस, दारावरची थाप ऐकताच दचकते. ही भीती अनाठायी नव्हे. जून २०२५ मध्ये मुंबईच्या परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारताचेच नागरिक असल्याचे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता; २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो उतरविलेला नाही. ज्याचे घर नदीने नेले, ज्याचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिले आहे, त्याने तो पेलावा कसा?

कोणी म्हणेल, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे; मग आपणांस त्याचे काय? हा युक्तिवाद आम्हांस लाजिरवाणा वाटतो. ज्यांना पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी आता वेशीवर उभे राहून दुसऱ्याचा धर्म विचारावा काय? घटनेच्या १९ व्या कलमात ‘नागरिक’ हा शब्द आहे, २१ व्या कलमात मात्र ‘व्यक्ती’. कप्ताई धरणामुळे उजाड होऊन १९६४ साली भारतात आलेल्या चकमा लोकांना अरुणाचलातून हुसकावण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या प्राणाचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. ते चकमा बहुतांशी बौद्धच होते. न्यायालयाने पाहिला तो माणूस.

खरोखरच परदेशातून आलेल्यास परत पाठविण्याचा अधिकार शासनास आहे. परंतु तो चौकशी करून, कायद्याच्या मार्गाने. रात्रीच्या अंधारात नव्हे. म्हणून विहारांनी नुसती करुणा भाकू नये. कुटुंबाला ठाण्यावर बोलावणे आले, तर दोन जाणती माणसे सोबत जावीत. अटक झालीच, तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते की नाही, इकडे डोळा ठेवावा. कोठडीतील व्यक्तीस १९८७ च्या कायद्याने वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे द्यावयाचा अर्ज लिहून देण्याइतके शिक्षण आपल्या तरुणांपाशी खचित आहे. मुलांची शाळा भीतीपोटी सुटू देऊ नये. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास तो हक्क आहे. खोटा दाखला मात्र कोणासही मिळवून देऊ नये, त्याने शेजारची दहा खरी कुटुंबे संशयात येतात.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर तासभर या कामास द्यावा. मूळ कागद कुटुंबापाशी राहोत, नकला विहाराच्या पेटीत. आणि गावाकडील नातलगांचा पत्ताही त्याच पेटीत असावा, म्हणजे माणूस उचलला गेला तर त्याच दिवशी तिकडे खबर पोहोचेल.