विश्लेषण : पट काढला, तरी गुण नाही! कुस्तीतली ‘फंक’ शैली कुठे चालते, कुठे फसते?

मोबाइलवर कुस्तीच्या चित्रफिती पाहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. एका मल्लाने एकेरी पट काढला आहे. समोरच्याचा पाय त्याच्या हातात आहे, आता तो खाली जाणार हे नक्की. पण ज्याचा पाय अडकला आहे, तो पाय सोडवायच्या भानगडीत पडतच नाही. उलट वरून वाकून तो समोरच्याचा घोटा धरतो, खांद्यावरून कोलांटी घेतो आणि काही सेकंदांच्या गुंत्यानंतर वर बसलेला दिसतो.

अमेरिकेत या पद्धतीला ‘फंक’ म्हणतात. आपल्याकडे तालमीत असे काही केले, तर वस्तादांचा ओरडा ठरलेला. मग ही शैली वापरणारे जिंकतात कसे? त्याचे उत्तर मल्लाच्या अंगात जेवढे आहे, तेवढेच नियमपुस्तकात आहे.

‘फंक’ म्हणजे नेमके काय?

पट काढला गेला की पाय मागे फेकायचे, छातीचा भार समोरच्याच्या पाठीवर टाकायचा आणि पकड तोडायची, हा बचाव सगळीकडे शिकवतात. फंक शैलीचा मल्ल हा भार टाकण्याऐवजी स्वतःच तोल सोडतो. समोरच्याची मांडी किंवा घोटा पकडून तो लोळण घेतो. दोघांचे हातपाय एकमेकांत अडकतात आणि कोणाचाच ताबा राहत नाही. या झटापटीला ‘स्क्रॅम्बल’ म्हणतात.

यामागचा हिशेब सरळ आहे. पटाचा गुण नुसता पाय धरून मिळत नाही, समोरच्यावर ताबा दाखवावा लागतो. मी तुझा पाय धरून ठेवला आहे तोवर तुझा ताबा सिद्ध होत नाही आणि गुणही मिळत नाही. या अधांतरी स्थितीत ज्याचा सराव जास्त, तो बाजी मारतो.

बेन आस्क्रेनचे नाव का घेतले जाते?

ही शैली लोकप्रिय करण्यात सर्वांत मोठा वाटा बेन आस्क्रेन या अमेरिकी मल्लाचा. मिसुरी विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. महाविद्यालयीन कारकीर्दीत त्याने १५३ कुस्त्या जिंकल्या, हरल्या फक्त ८. त्यातल्या ९१ कुस्त्या त्याने चितपट करून जिंकल्या. अंगापिंडाने तो भीती वाटावी असा कधीच नव्हता. त्याला धरणेच अवघड जायचे.

पण तो ज्या नियमांखाली खेळत होता, ते महत्त्वाचे. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत ‘फोकस्टाइल’ कुस्ती चालते. तिथे लोळताना पाठ क्षणभर गादीकडे झाली म्हणून गुण जात नाहीत. समोरच्याने ताबा ठेवून पाठ तशी दाबून धरली आणि पंचाची मोजणी झाली, तरच गुण लागतात. म्हणजे कोलांटीची किंमत जवळपास शून्य. शून्य किमतीचा डाव कोणीही पुन्हा पुन्हा खेळेल.

पुढे फंकचा बोलबाला वाढला, तेव्हा नियमही बदलले. आता महाविद्यालयीन कुस्तीत अशा झटापटीत एखादा मल्ल पाठ गादीकडे करून राहिला, तर पंच मोजणी सुरू करतो. ती पूर्ण झाली तर समोरच्याला पटाचे गुण मिळतात. शैलीने नियमातली फट शोधली आणि नियमाने ती बऱ्याच अंशी बुजवली.

मग ऑलिम्पिकमध्ये काय झाले?

आस्क्रेन २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ७४ किलो वजनगटात उतरला. पहिल्या लढतीत त्याने हंगेरीच्या इश्तवान वेरेबला चितपट केले. पुढच्याच लढतीत क्युबाच्या इव्हान फुंदोराने त्याला हरवले. सुशीलकुमारने ६६ किलो गटात कांस्यपदक जिंकले, तेच हे ऑलिम्पिक.

ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्ती असते. तिथे पाठ आणि गादी यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला की ती ‘धोक्याची स्थिती’ ठरते आणि समोरच्याला गुण मिळतात. आजच्या नियमांत पटाचे २ गुण आणि अशी पाठ दिसल्याचेही २ गुण. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. म्हणजे जी कोलांटी महाविद्यालयात फुकट होती, ती इथे दर वेळी २ गुणांना पडू शकते. अशा पाच चुका आणि खेळ खलास.

मोकळ्या कुस्तीत गुण किती झपाट्याने लागतात, हे भारतीय चाहत्यांनी २०१८मध्ये पाहिले आहे. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ६५ किलो गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या १९ वर्षीय ताकुतो ओतोगुरोने बजरंग पुनियाला १६-९ असे हरवले. ६ मिनिटांत २५ गुण!

ग्रॅपलिंग आणि एमएमएमध्ये उपयोग काय?

इथे चित्र पुन्हा पालटते. ब्राझिलियन जिउ-जित्सूसारख्या ग्रॅपलिंग प्रकारांत पाठ जमिनीला टेकली म्हणून कुस्ती संपत नाही. पाठीवर पडून लढणे हा तर तिथला पाया आहे. शिवाय प्रचलित स्पर्धा-नियमांत मिळवलेली स्थिती ३ सेकंद टिकवली, तरच गुण मिळतात. सतत हलणाऱ्या, लोळणाऱ्या मल्लाला ३ सेकंद स्थिर धरणे सोपे नाही. त्यामुळे फंक इथे कामी येते.

पण एक नवा धोका येतो, तो मानेचा. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसणे हा बचाव आहे. ग्रॅपलिंगमध्ये तेच गळा आवळण्याचे आमंत्रण ठरते.

आस्क्रेनने हेही अनुभवले. एमएमएमध्ये तो बेलाटॉर आणि वन चॅम्पियनशिप या दोन्ही संघटनांचा विजेता झाला. मात्र ऑक्टोबर २०१९मध्ये सिंगापूरला जिउ-जित्सूतला निष्णात डेमियन माया समोर होता. तिसऱ्या फेरीत मायाने पाठीवर चढून त्याचा गळा आवळला आणि लढत संपली. जमिनीवरच्या गुंत्यात राज्य करणारा मल्ल त्याच गुंत्यात अडकला.

हे ऐन वेळी सुचते की सरावाने येते?

दिसायला ऐन वेळचे, पण मागे सराव असतो. कोणत्या पकडीतून कुठे लोळायचे, आधी कोणता हात सोडायचा, हे शेकडो वेळा घोटलेले असते. त्यातला कोणता तुकडा कधी जोडायचा, एवढेच ऐन वेळी ठरते.

शिवाय आजचे ‘विचित्र’ उद्याचे पाठ्यपुस्तक होते. अमेरिकेच्या जॉन स्मिथने अगदी घोट्याजवळून पट काढायची पद्धत रूढ केली आणि १९८८ व १९९२ची ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. आज तो पट जगभर शिकवला जातो.

महाराष्ट्रातल्या मल्लांनी यातून काय घ्यावे?

आपल्याकडे एकाच मल्लाला दोन जगांत खेळावे लागते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गावच्या जत्रेतल्या निकाली कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की हलगी वाजली, विषय संपला. तिथे ही कोलांटी २ गुणांना नाही, अख्ख्या कुस्तीला पडते. वस्ताद ओरडतात ते उगाच नाही.

पृष्ठभाग आणि नियम बदलले की काय होते, हे खाशाबा जाधवांनी १९४८मध्ये लंडनला अनुभवले. मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले.

त्यामुळे चित्रफीत पाहून पोरगा तालमीत लोळायला लागला, तर त्याला थांबवण्याआधी एकच विचारावे : तू कोणत्या नियमांची कुस्ती खेळणार आहेस? गादीवर राज्य स्पर्धा खेळायची असेल, तर आधी पाय मागे फेकून बचाव पक्का हवा, कोलांटी शेवटचा उपाय. ग्रॅपलिंगकडे जायचे असेल, तर लोळण्याबरोबर मान वाचवायला शिकायला हवे. दोन्हीकडे हा सराव जाणत्या प्रशिक्षकासमोरच व्हावा, कारण चुकीच्या कोलांटीत सगळा भार मानेवर येतो. गेलेले गुण पुढच्या कुस्तीत भरून निघतात, मानेची दुखापत मात्र आखाडा कायमचा सोडायला लावू शकते.