डब्यात बेचाळीस, रणात पंचवीस

१८ फेब्रुवारी १८०८ रोजी नेपोलियनने फर्मान काढून आपल्या पायदळाची घडी नव्याने बसवली. त्यानुसार फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या आल्या : चार साध्या फ्युझिलियरांच्या, एक उंचापुऱ्या ग्रेनेडियरांची आणि एक चपळ व्होल्टिजरांची. कंपनीत १४० माणसे, म्हणजे बटालियनमध्ये ८४०. टेबलावर त्या काळातल्या लढाया खेळणारे वॉरगेमर पुष्कळदा वीस माणसांमागे एक छोटा शिपाई असे प्रमाण धरतात. ८४० ला २० ने भागले की ४२ येतात, कंपनीला नेमके सात. २८ मिलिमीटर मापाच्या प्लास्टिकच्या फ्रेंच पायदळाच्या डब्यातही साधारण तेवढेच, चाळिसाच्या आसपास शिपाई असतात. हिशेब असा जुळला की डबा उघडणाऱ्याला वाटावे, बटालियन तयारच आहे. पण १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या चिखलात उभी असलेली फ्रेंच बटालियन सरासरी पाचशेच्या आसपास माणसांची होती. म्हणजे टेबलावर फक्त २५. उरलेले सतरा कुठे गेले? हे शिपाई जोडण्या-रंगवण्याच्या छंदाचे खरे मोल मला या प्रश्नात दिसते. तो प्रश्न पुस्तक वाचणाऱ्याला सहसा पडत नाही. सतरा शिपाई हातात शिल्लक राहिलेल्याला पडतो.

हा प्रश्न पडावा एवढ्या संख्येने साधे शिपाई टेबलावर आले ते प्लास्टिकमुळे. त्याआधी या मापाचे शिपाई धातूचे असत आणि महाग पडत. साहजिकच खिशाला परवडेल तेवढ्यात लोक आधी इम्पीरियल गार्ड आणि चिलखती घोडेस्वार घेत; साधा फ्युझिलियर मागे राही. १९७० च्या आसपास एअरफिक्सने १:७२ मापाचे वॉटर्लूचे मऊ प्लास्टिकचे संच स्वस्तात दिले, पण त्यांच्यावरचा रंग टिकत नसे. चित्र खरे पालटले ते २००८ च्या सुमारास, नॉटिंगहॅमचे पेरी बंधू आणि व्हिक्ट्रिक्स यांच्यासारख्या इंग्लंडमधल्या उत्पादकांनी कडक पॉलिस्टायरिनचे, सुट्या भागांचे शिपाई आणले तेव्हा. पोलादी साचा फार खर्चिक असतो, पण एकदा तयार झाला की त्यातून हजारो शिपाई निघतात. मात्र साच्याच्या दोन पाळ्या सरळ उघडाव्या लागतात, म्हणून अंगाच्या आड येणारा हात किंवा पाठीवरची पडशी एकसंध ओतता येत नाही. डोके, हात, बंदूक आणि पडशी वेगळी येते; ती चौकटीवरून कापायची, साच्याची रेघ कानशीने घासायची आणि प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या सिमेंटने जोडायची. मग प्रायमर, मग रंग. एका शिपायामागे तासभर सहज जातो. हे काम चाळीस वेळा करताना साध्या सैनिकाला टाळता येत नाही. बटालियनच्या सहा कंपन्यांपैकी चार त्याच्याच असतात.

आता त्या सतरांकडे. काही कधी भरतीच झाले नाहीत, काही पळाले, काही कुठल्या तरी किल्ल्याच्या शिबंदीत अडकले. बाकीचे इस्पितळात होते. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत गोळीपेक्षा रोगाने अधिक माणसे मेली, हे विधान इतक्यांदा छापले गेले आहे की नजर त्यावरून सरळ घसरते. ते टेबलावर मांडून पाहावे. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी नेदरलँड्समधल्या वाल्खेरन बेटावर सुमारे ३९,००० सैनिक उतरवले. लढाईत शंभराच्या आसपास पडले आणि तापाने सुमारे ४,००० गेले. विसास एक या प्रमाणात लढाईतल्या मृतांसाठी पाच शिपाई काढून ठेवावे लागतील, तापासाठी दोनशे. म्हणजे पाच डबे. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत सहा लाखांवर माणसे उतरली. त्याच प्रमाणात ते ३०,००० शिपाई होतात. शिपायामागे एक तास धरला आणि रोज दोन तास काम केले, तर ती सेना उभी करायला ४१ वर्षे लागतील. प्रत्यक्षात ती जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत संपली. मला तरी त्या मोहिमेचा आकार असा मोजून पाहिल्यावरच कळू लागतो.

या छंदावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की तो युद्धाला देखणे करतो. तो मी झटकून टाकणार नाही. दुकानातले डबे बहुतेक कवायतीचा डौल विकतात : पांढरे पट्टे, लाल तुरे, झळाळते पितळ. मोहिमेवरचा शिपाई ठिगळांच्या विजारीत आणि मळक्या ओव्हरकोटात चालत असे. काही नियमावल्यांत बटालियन मोडेपर्यंत एकही शिपाई टेबलावरून उचलला जात नाही, बाजूला एक खूण ठेवली की झाले. खेळ त्यामुळे सुटसुटीत होतो हे खरे, पण माणसे कमी होताना दिसत नाहीत, आणि माझ्या मते ही तडजोड चुकीची आहे. तरीही आक्षेपाचा रोख छंदापेक्षा त्याच्या आळशी रूपावर आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे पुस्तक लिहिले, तेच मुळी खऱ्या युद्धाच्या बाष्कळपणाकडे बोट दाखवून संपते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. हाताने शिपाई घडवणारा माणूस युद्धखोर बनतो याला आधार नाही. आकडे नुसते वाचणाऱ्यांनी मात्र युद्धे खुशाल पुकारलेली आहेत.

दुसरा आक्षेप पोरखेळाचा. त्याचे उत्तर लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० मध्ये वॉटर्लूची प्रतिकृती हाती घेतली. रणभूमीवरच्या ला ए सेंत या शेतवाडीत तो आठ महिने राहिला, जमीन मोजली, हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून कोण कुठे उभा होता हे विचारले आणि ७०,००० हून अधिक चिमुकले धातूचे शिपाई मांडले. सरकारी मदत मध्येच आटली तरी १८३८ मध्ये प्रतिकृती लंडनमध्ये लोकांसमोर आली. तिच्यात प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने दिसत होते, म्हणजे विजय एकट्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा नव्हता. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचले नाही आणि पुढे सायबोर्नने हजारो प्रशियन काढून टाकले. टेबलावर किती शिपाई कुठे ठेवायचे हा खेळ असता तर त्यासाठी कुणाची नाराजी ओढवली नसती. ते इतिहासाविषयीचे विधान होते, आणि दबावाखाली बदललेले विधान होते.

हे युरोपचे खूळ, आपल्याला त्याचे काय, असेही कुणी म्हणेल. दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या महाराष्ट्राला हाताने रचलेला इतिहास परका नाही. आणि वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. त्याच्या ७४ व्या हायलँडर रेजिमेंटचे सुमारे पाचशेपैकी चारशेच्या आसपास लोक ठार वा जखमी झाले. २५ शिपायांतले २० उचलावे लागतील. शिंद्यांच्या कवायती कंपूंचे किती पडले? त्याचे फक्त अंदाज आहेत, तेही बहुतांशी शत्रूने केलेले. प्लास्टिकचे मोठे संच आजही युरोपीय सैन्यांभोवतीच फिरतात, त्यामुळे असईची मराठी बाजू उभी करणाऱ्याला धातूचे शिपाई शोधावे लागतात किंवा दुसऱ्यांची डोकी बदलून जोडावी लागतात. ती खटपट कुणी केली, तर किती शिपाई मांडायचे हे ठरवण्यासाठी त्याला मोडी कागदांपर्यंत जावे लागेल, आणि माझ्या दृष्टीने ती खटपट सार्थकी लागेल.

राहता राहिला बारकाव्यांचा हट्ट. कॉलरचा रंग, तुऱ्याची उंची, बटणांची संख्या यांवर वाद घालणाऱ्यांना या छंदातच ‘बटणे मोजणारे’ म्हणून हिणवले जाते. २००१ मध्ये लिथुएनियातल्या विल्न्यस शहरात बांधकामासाठी खोदताना एक सामूहिक कबर उघडी पडली. तिच्यात तीन हजारांवर माणसांचे अवशेष होते, १८१२ च्या हिवाळ्यात रशियाहून परतताना मेलेल्यांचे. बहुतेकांच्या हाडांवर लढाईच्या जखमा नव्हत्या. थंडी, उपासमार आणि तापाने ते गेले होते. अंगावरचे कापड बरेचसे कुजले होते, नाव सांगणारे काही उरले नव्हते. फ्रेंच पायदळाच्या बटणांवर मात्र रेजिमेंटचा क्रमांक ठोकलेला असे. तिथे कुठल्या रेजिमेंटांचे लोक होते, हे संशोधकांनी बटणे वाचून ओळखले.